पदार्थ आणि त्याच्या अवस्था मुलांना शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईबाबा, प्राथमिकचे शिक्षक आणि घरी शिकवणी घेणारी मंडळी या विषयावर जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढेपुढे तिरके होत जातात. सगळं एकदम मुलांसमोर ओतू नका, मुलाने जे विचारलंय तेवढंच उचला.

१. "जागा व्यापतो आणि ज्याला वस्तुमान असतं तो पदार्थ" हे सहा-सात वर्षांच्या मुलीला पाठ आहे पण कळलेलं काहीच नाही. कसं सांगू?

व्याख्या थोडे दिवस बाजूला ठेवा आणि तिच्या हातात दोन प्रश्न द्या. याला ठेवायला जागा लागते का? आणि याला वजन आहे का? दोन्हीला "हो" आलं की तो पदार्थ. दगड, पाणी, लोकर, तेल, तिचा स्वतःचा हात, सगळं पास होतं. मग मुद्दाम उलटी उदाहरणं टाका: सावली, आवाज, सोमवार, भीती. सोमवार ठेवायला किती मोठा डबा लागेल असं विचारलं की पोरं खदाखदा हसतात आणि मुद्दा डोक्यात बसतो. जागा व्यापणं दाखवायचं तर काठोकाठ भरलेल्या भांड्यात दगड सोडा, जेवढी जागा दगडाने घेतली तेवढं पाणी बाहेर. वस्तुमान आणि वजन यातला फरक या वयात काढू नका, वजन म्हटलं तरी चालतं, तो फरक पुढच्या इयत्तांमध्ये येतोच.

२. कोणत्या वयापासून शिकवावं? आणि अणू-रेणू लगेच सांगायचे का?

हात लावून, ओतून, दाबून बघणं चार-पाच वर्षांपासून सुरू करा. स्थायू, द्रव, वायू ही नावं सात-आठच्या आसपास. कणांची गोष्ट साधारण दहा-अकराला. घाई करून लहान मुलाला रेणू सांगितले तर तो शब्द बोलायला शिकतो आणि आपण खुश होतो, पण बर्फ वितळतो म्हणजे "बर्फाचे छोटे छोटे कण वितळतात" असंच त्याच्या डोक्यात असतं. कणांबद्दल नीट प्रश्न ८ मध्ये आहे.

३. हवा पण पदार्थ आहे हे मुलांना पटतच नाही. "हवा म्हणजे काहीच नाही" म्हणतात. काय करू?

यावर वेळ घालवा, घाई नको, कारण हवा पटली नाही तर वायू ही अवस्थाच हवेत राहते आणि पुढचं सगळं पाठांतर होतं.

आधी जागा. ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा, ग्लास उलटा धरून सरळ खाली पाण्याच्या बादलीत दाबा, आणि सरळच वर काढा. कागद कोरडा निघतो. परत दाबा आणि आता ग्लास जरा तिरका करा, गुडगुड करत बुडबुडे बाहेर येतात आणि कागद भिजतो. जे बाहेर पडलं तेच आत जागा अडवून बसलं होतं.

मग बिनसुईची सिरिंज. दट्ट्या अर्धा ओढा, पुढचं तोंड बोटाने बंद करा आणि दाबा. हवा दाबली जाते, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि हात काढला की दट्ट्या परत मागे येतो, बोटाला तो दाब चांगला जाणवतो. आता त्याच सिरिंजमध्ये पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि दाबा. जागचं हलत नाही. हा एवढासा प्रयोग मुलं सोडायलाच तयार होत नाहीत, त्यांना हवं तेवढं करू द्या.

शेवटी वजन. इथे बहुतेक ठिकाणी फुगे आणि पट्टीचा तराजू सांगतात, तो मी टाळायला सांगेन. फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जराशीच दाबलेली असते आणि बाहेरची हवा फुग्याला वर उचलते, त्यामुळे फरक इतका बारीक येतो की तराजू बरेचदा भलतीकडेच झुकतो आणि मुलं गोंधळतात. त्यापेक्षा फुटबॉल घ्या. जेमतेम गोल होईल इतका भरून डिजिटल काट्यावर ठेवा, आकडा लिहा, मग पंपाने टणक होईपर्यंत हवा भरा आणि परत ठेवा. काही ग्रॅमची वाढ दिसते. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते. मोठ्या मुलांना हिशोब द्या: ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत २७ घनमीटर हवा, म्हणजे ३२ किलोच्या आसपास. हे ऐकून मोठी माणसंही एकदा वर छताकडे बघतात.

४. स्थायू, द्रव, वायू ओळखायची एकच सोपी खूण सांगा ना.

एका खुणेत नाही होत, दोन लागतात. भांडं बदललं तर आकार बदलतो का? आणि भांडं बदललं तर ती वस्तू जेवढी होती तेवढीच राहते का? स्थायूचं दोन्ही कायम. द्रवाचा आकार बदलतो पण आकारमान तेवढंच राहतं. वायूचं दोन्ही बदलतं, जेवढी जागा द्याल तेवढी तो भरतो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. "पाणी हा द्रव आहे" असं न म्हणता "पाणी आत्ता द्रव अवस्थेत आहे" म्हणा. अवस्था ही त्या पदार्थाची जात नाही, त्या तापमानाला आणि त्या दाबाला तो कसा वागतोय तेवढंच ते आहे. पारा उणे ३९ अंशाच्या आसपास गोठतो, ऑक्सिजन उणे १८३ अंशाला द्रव होतो, लोखंड १५३८ अंशाला वितळतं, आणि गॅलियम नावाचा धातू २९.८ अंशालाच वितळतो म्हणजे तळहातावर ठेवला तरी पाणी पाणी होतो. हे "आत्ता" लक्षात असलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

५. वाळू, मीठ, साखर ओतता येते, भांड्याचा आकारही घेते. मग ती द्रव का नाही?

मुलाने हे विचारलं तर आधी शाबासकी द्या, कारण त्याने प्रश्न ४ ची खूण प्रामाणिकपणे वापरलीय. उत्तर: एकच दाणा उचलून भिंगाखाली बघा. त्याचा आकार भांडं बदललं तरी तोच राहतो, म्हणजे दाणा स्थायू, आणि आपण ओततोय तो दाण्यांचा ढीग. अजून एक फरक दाखवता येतो, वाळू ताटात ओतली की मध्ये डोंगर होतो आणि तसाच राहतो, पाण्याचा डोंगर होत नाही, ते सपाट पसरतं.

६. स्पंज आणि कापूस मऊ असतात, दाबले जातात. तरी स्थायूच?

हो. कडक म्हणजे स्थायू हा मुलांचा आवडता गैरसमज. स्पंज दाबता तेव्हा आतल्या भोकांतली हवा बाहेर जाते, स्पंजचा स्वतःचा पदार्थ जवळपास तेवढाच राहतो. बादलीत बुडवून पिळा, बुडबुडे दिसतील. रबराचं वेगळं, ताणलं तर आकार बदलतो पण सोडलं की मूळ आकारावर येतो, द्रव असं करत नाही.

७. मुलगा ठामपणे म्हणतो की उंच ग्लासात ओतलं की पाणी वाढलं. समोर ओतून दाखवलं तरी ऐकत नाही. त्याला काही प्रॉब्लेम आहे का?

अजिबात नाही. हे वयाचं आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी मुलांसोबत नेमकं हेच करून बघितलं होतं आणि साधारण सात वर्षांपर्यंत बरीच मुलं उंची बघूनच "जास्त" म्हणतात असं त्यांना दिसलं. वाद घालू नका. एकाच मापाने दोन्ही ग्लास त्यालाच भरू द्या, परत मापात ओतू द्या, आणि विषय सोडून द्या. काही महिन्यांनी तोच तुम्हाला समजावून सांगेल.

८. कणांची चित्रं काढून शिकवतो. स्थायूत चिकटून, द्रवात थोडे लांब, वायूत खूप लांब. बरोबर आहे ना?

मधलं चित्र चुकतं, आणि ते जवळपास सगळ्यांचं चुकतं. द्रवातले कण "थोडे लांब" नसतात, ते जवळपास स्थायूइतकेच एकमेकांना खेटून असतात, फरक एवढाच की जागा बदलत एकमेकांवरून घसरत राहतात. सिरिंजमधलं पाणी दाबलं जात नाही (प्रश्न ३) ते याचमुळे. चित्रात अंतर ठेवलंत तर हुशार मूल विचारणारच की एवढी जागा आहे तर मग दाबलं का जात नाही.

वायूचं अंतर मात्र खरंच मोठं आहे. १०० अंशाला पाण्याची वाफ झाली की तेवढंच पाणी साधारण १,६०० ते १,७०० पट जागा घेतं, म्हणजे प्रत्येक दिशेने कणांमधलं अंतर बाराएक पट होतं. वहीच्या पानावर हे प्रमाणात काढायला गेलात तर पूर्ण पानावर तीन-चारच ठिपके बसतील. तसंच काढा, छान परिणाम होतो.

अजून तीन गोष्टी तपासा. एक, कणांचा साईज तिन्ही चित्रांत सारखाच हवा, गरम केल्याने कण फुगत नाहीत, त्यांच्यातली जागा वाढते. दोन, कणांच्या मधल्या पांढऱ्या जागेत काय आहे असं विचारा, मुलं "हवा" म्हणतील. तिथे काहीच नसतं, आणि हे पचायला जड जातं, माणसांना शेकडो वर्षं गेली ते पचायला. तीन, स्थायूतले कण गप्प बसलेले नाहीत, ते जागच्या जागी थरथरत असतात.

मुलांनाच कण करून खेळ घ्यायचा असेल तर मस्त: हात धरून रांगेत थरथरणं म्हणजे स्थायू, हात सोडून पण खांद्याला खांदा लावून सरकत राहणं म्हणजे द्रव, आणि ग्राउंडभर पळणं म्हणजे वायू. द्रवाच्या वेळी मुलं हमखास लांब जातात, शिट्टी मारून जवळ आणा.

कण असतात हे कशावरून, असं कोणी विचारलंच तर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांचं उदाहरण द्या. १८२७ मध्ये त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात परागकणांमधले बारीक कण सतत वेडेवाकडे हलताना दिसले, १९०५ मध्ये आईन्स्टाईन यांनी सांगितलं की पाण्याचे न दिसणारे रेणू त्यांना धक्के देतायत, आणि नंतर फ्रान्सच्या जीन पेरां यांनी मोजमाप करून ते सिद्ध केलं, त्यासाठी त्यांना १९२६ चं नोबेल मिळालं.

९. पाणी उकळताना येणारे बुडबुडे कशाचे? आणि ती पांढरी वाफ म्हणजेच वायू ना?

दोन्हीकडे आपण मोठेच जास्त फसतो.

पाणी तापायला लागलं की सुरुवातीला भांड्याच्या भिंतीला जे बारीक बुडबुडे चिकटतात ती पाण्यात विरघळलेली हवा. नंतर तळातून जे मोठे बुडबुडे उसळतात ते पाण्याच्याच वाफेचे, त्यात हवा जवळपास नसते. मध्ये एक टप्पा येतो तेव्हा भांडं सूं सूं आवाज करतं, तेव्हा तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या कमी गरम पाण्यात येऊन फुटत असतात. पूर्ण उकळी आली की आवाज उलट कमी होतो. हे डोळे मिटून ऐकायला लावा.

आणि पांढरं दिसतं ते वायू नाही. पाण्याची वाफ दिसत नाही. केटलच्या तोंडाशी लांबूनच नीट बघा, तोंडाला लागून बोटभर जागा एकदम स्वच्छ दिसते, जणू तिथे काही नाहीच, आणि त्याच्या पुढे पांढरा ढग सुरू होतो. खरी वाफ त्या "काही नाही" वाल्या जागेत आहे. पुढे ती थंड होऊन पाण्याचे अतिबारीक थेंब झाले, ते पांढरे दिसतात. ढग आणि धुकंही असंच, हवेत तरंगणारे थेंब. पण बोट घालून दाखवायला जाऊ नका, ती अदृश्य जागाच सगळ्यात जास्त भाजते.

१०. पाणी १०० अंशाला उकळतं, मग ओले कपडे साध्या हवेत कसे वाळतात?

उकळणं आणि बाष्पीभवन वेगवेगळं. उकळताना द्रवाच्या आतसुद्धा वाफ तयार होते आणि त्याला ठरावीक तापमान लागतं. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होतं आणि कुठल्याही तापमानाला होतं, कारण सगळे कण सारख्या वेगाने धावत नसतात, जे जोरात असतात ते वरून निसटतात. जोरातले गेले की मागे उरलेलं थंड होतं, म्हणून ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते.

मुलांसाठी: सारखंच पाणी एका ताटलीत, एका ग्लासात आणि एका झाकणबंद बाटलीत ठेवा, रोज खूण करा. "पाणी कुठे गेलं" याचं उत्तर जमिनीने प्यायलं असं येऊ नये म्हणून भांडी काचेची किंवा स्टीलची घ्या.

११. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी येतं. मुलगी म्हणते ग्लास झिरपतो.

पाण्यात रंग टाका, बाहेरचे थेंब बिनरंगीच येतात. तरी पटलं नाही तर ग्लासावर घट्ट झाकण लावा आणि काट्यावर ठेवून द्या. झिरपत असतं तर वजन तेवढंच राहिलं असतं, इथे हळूहळू वाढतं, कारण हवेतली वाफ थंड काचेवर येऊन पाणी झाली. अगदी कोरडी हवा असलेल्या दिवशी हा प्रयोग फसतो, तो दिवस टाळा.

१२. बर्फ वितळताना थर्मामीटर शून्यावरच अडकून बसतो. खराब आहे का?

नाही, चांगला आहे, जपून ठेवा. उष्णता आत जातेय, पण ती कणांची घट्ट रचना मोडण्यात खर्च होते, तापमान वाढवण्यात नाही. किती खर्च होते ते बघा: शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जा मोजायचं एकक) लागतात, तेवढ्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशाच्या आसपास गेलं असतं. उकळतानाही तसंच, १०० वर थांबतो, आणि तिथे तर ग्रॅमला २,२६० ज्यूल लागतात. वाफेने भाजलं तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त इजा का होते ते यातच आहे, ती सगळी उष्णता वाफेचं पाणी होताना कातडीवर उतरते.

प्रयोग करताना सतत ढवळा, नाहीतर खाली एक आणि वर दुसरं असं तापमान दाखवेल.

१३. स्थायूत कण जास्त जवळ म्हणता, मग बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? आणि फ्रीझरमधली भरलेली बाटली तडकली ती का?

पाणी अपवाद आहे. गोठताना त्याचे रेणू एकमेकांना धरून पोकळ जाळीसारखी रचना करतात, त्यामुळे आकारमान साधारण ९ टक्के वाढतं. वजन तेवढंच, जागा जास्त, म्हणून तरंगतं आणि बाटली फोडतं. वाढतंय हे दाखवायचं तर प्लास्टिकची बाटली अर्धीच भरून पातळीवर खूण करून गोठवा.

गंमत म्हणजे आपण अवस्था शिकवायला पहिलं उदाहरण नेमकं हेच विचित्र घेतो आणि मग मुलांना वाटतं सगळेच स्थायू आपापल्या द्रवावर तरंगतात. वितळलेल्या मेणात घन मेणाचा तुकडा टाकून दाखवा (मोठ्यांनीच), तळाला जातो. बहुतेक पदार्थ मेणासारखे वागतात. पाण्यासारखे गोठताना फुगणारे थोडेच, बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन वगैरे.

१४. साखर पाण्यात "वितळली" म्हटलं तर चूक का?

वितळायला एकच पदार्थ आणि उष्णता पुरते. विरघळायला दोन पदार्थ लागतात. गार पाण्यातही साखर दिसेनाशी होते ती विरघळली म्हणून. मीठ तर वितळवायचं म्हटलं तर ८०१ अंश लागतील. पाणी आणि मीठ आधी वेगवेगळं आणि नंतर एकत्र तोलून दाखवा, बेरीज तीच येते, म्हणजे मीठ "गेलं" नाही.

१५. प्रत्येक पदार्थाच्या तिन्ही अवस्था असतात का? लाकूड वितळवता येईल?

नाही येत. लाकूड, कागद, कापड तापवलं की वितळण्याच्या आधीच त्यांचे रेणू तुटतात, कोळसा आणि वायू तयार होतात, म्हणजे पदार्थच बदलला. अवस्था बदलली तर परत फिरता येतं, बर्फ ते पाणी ते बर्फ. राखेचं लाकूड होत नाही.

उलट टोकाला हीलियम. १९०८ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन इथे कामरलिंग ओन्नेस यांनी त्याचा द्रव केला, उणे २६९ अंशाला. पण आपल्या आजूबाजूला असतो तेवढ्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठतच नाही, त्यासाठी साधारण २५ पट दाब द्यावा लागतो.

१६. पारदर्शक लायटरमध्ये पाण्यासारखं काहीतरी हलतं. पण बाहेर तर गॅस येतो?

ब्युटेन आहे ते. साध्या दाबाला उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे खोलीत वायूच असायला हवं, पण आत दाबून भरल्यामुळे द्रव झालंय. झडप उघडली, दाब सुटला की लगेच वायू. तापमान न बदलता नुसत्या दाबाने अवस्था बदलते याचं एवढं उघड उदाहरण दुसरं सापडत नाही, फक्त मुलांच्या हातात न देता लांबून दाखवा. दाब कमी केला की उकळणंही लवकर होतं, एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी ७० अंशाच्या आसपासच उकळतं.

१७. डांबरगोळी आपोआप संपते, पाणी कुठेच दिसत नाही. हे काय?

संप्लवन, म्हणजे स्थायूचा सरळ वायू. ड्राय आईस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशाला असंच करतो. त्याचा द्रव होतच नाही असं मात्र सांगू नका, वातावरणाच्या पाचपटीपेक्षा जास्त दाब दिला की होतो. आयोडीनबद्दलही पुस्तकांत "वितळत नाही" असं सूचित केलेलं असतं, ते ११४ अंशाला व्यवस्थित वितळतं. फ्रीझरमध्ये विसरलेले बर्फाचे क्यूब महिनाभराने बारीक होतात तेही संप्लवनच, आणि घरी दाखवायला हेच सगळ्यात सेफ.

१८. टूथपेस्ट, शेव्हिंग फोम, धूर, जेल हे कोणत्या रकान्यात टाकू?

कुठल्याच एका नाही, ही मिश्रणं आहेत. फोम म्हणजे द्रवात अडकलेला वायू, धूर म्हणजे वायूत तरंगणारे स्थायूचे कण, जेल म्हणजे स्थायूच्या जाळीत धरलेला द्रव, टूथपेस्ट म्हणजे द्रवात दाटीने भरलेली बारीक पूड. तिसरीच्या वर्गात "अवघड गोष्टी" असा चौथा रकाना काढा आणि भांडू द्या मुलांना. माझ्या मते पूर्ण धड्यातला हाच सगळ्यात कामाचा तास असतो. परीक्षेत असली उदाहरणं देणं मात्र मुलांवर अन्याय आहे.

१९. कॉर्नफ्लोअर आणि पाणी कालवलं तर ठोसा मारला की दगड, सोडलं की पातळ. ही कोणती अवस्था?

हे पाण्यात मावेल तितकी ठासलेली पूड आहे, साधारण दोन वाट्या पूड आणि एक वाटी पाणी. हळू हात घाला, दाणे एकमेकांवरून सरकतात आणि हात आत जातो. जोरात मारा, दाण्यांना सरकायला वेळच मिळत नाही, ते एकमेकांत अडकतात आणि क्षणभर स्थायूसारखे वागतात. शास्त्रज्ञ याला नॉन-न्यूटोनियन द्रव म्हणतात. मूठभर घेऊन गोळा वळत राहिलं की गोळा राहतो, थांबलं की बोटांमधून गळायला लागतो. हे बेसिनमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो, वाळवून कचऱ्यात टाका.

२०. काच म्हणजे खूप हळू वाहणारा द्रव आहे असं वाचलं. खरं आहे का?

नाही, पण ही गोष्ट मरत नाही. पुरावा म्हणून युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्या दाखवतात, काचा खाली जाड आहेत. त्या काळी काच एकसारख्या जाडीची बनवताच येत नव्हती, आणि काही काचांमध्ये जाड बाजू वर किंवा कडेलाही सापडते. काच स्थायूच आहे, फक्त तिचे कण स्फटिकासारखे ओळीत न बसता अस्ताव्यस्त अडकलेत.

खरंच हळू वाहणारा द्रव बघायचा तर पिच, म्हणजे डांबरासारखा काळा, घट्ट पदार्थ. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी काचेच्या नरसाळ्यात तो भरून ठेवला, १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं, आणि २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. हातोडी मारली तर मात्र तोच पिच काचेसारखा फुटतो.

२१. आग कोणती अवस्था?

आग ही घटना आहे, वस्तू नाही. मेणबत्तीच्या ज्योतीत असतात ते तापलेले वायू आणि काजळीचे तापून चमकणारे कण, पिवळा उजेड त्या काजळीचा. वायू पदार्थ, काजळी पदार्थ, पण उजेड आणि उष्णता पदार्थ नाहीत. मेणबत्ती विझवल्यावर वातीतून जो पांढरा पट्टा वर जातो ते मेणाच्या वाफेचे गोठलेले कण. मोठ्यांनी त्या पट्ट्याला वरून काडी लावली तर ज्योत उडी मारून परत वातीवर येते, म्हणजे जळत होती ती मेणाची वाफ.

२२. प्लाझ्मा चौथी अवस्था आणि पाचवी पण आहे म्हणे. लहान मुलांना सांगावं का?

नाव सांगा, परीक्षा घेऊ नका. वायूला इतकी ऊर्जा दिली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो प्लाझ्मा. सूर्य, तारे, आकाशात चमकणारी वीज, पेटलेली ट्यूबलाईट. हे नाव १९२८ मध्ये आयर्विंग लँगम्युअर यांनी वापरलं.

पाचवी म्हणजे बोस-आईन्स्टाईन संघनित, यात अतिथंड अणू सगळे मिळून एकाच अणूसारखे वागतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या गणितावरून आईन्स्टाईन यांनी भाकीत केलं आणि प्रत्यक्षात ते १९९५ मध्ये अमेरिकेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियम या धातूचे अणू एका केल्विनच्या (तापमानाचं शास्त्रीय एकक, शून्य केल्विन म्हणजे सगळ्यात थंड) दशलक्षांश भागाहूनही खाली थंड करून मिळवलं. २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या दोघांबरोबर वोल्फगँग केटर्ले होते.

२३. घरी कोणते प्रयोग करूच नयेत?

पारा नको, तुटलेल्या थर्मामीटरमधलासुद्धा नको. डांबरगोळ्या आणि आयोडीन तापवायचे नाहीत, वाफा विषारी असतात. ड्राय आईस बंद बाटलीत कधीच नाही, बॉम्बसारखी फुटते, आणि उघड्या हातानेही नाही. काचेची बाटली पाण्याने भरून गोठवू नका. मेण सरळ आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा.

२४. पाणी एकाच वेळी बर्फ, पाणी आणि वाफ असं तिन्ही असू शकतं का? मुलाने विचारलं आणि मी गप्प.

सैल अर्थाने रोजच असतं, ग्लासात बर्फ घातलेलं पाणी आणि वरच्या हवेत वाफ. पण तिथे काहीतरी सतत बदलत असतं, बर्फ वितळत असतो. तिन्ही एकमेकांसोबत कितीही वेळ न बदलता राहतील असा एकच बिंदू आहे, ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) जवळपास दाब, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याला त्रिक बिंदू म्हणतात. बंद काचेच्या नळीत फक्त शुद्ध पाणी ठेवून, हवा काढून टाकून तो मिळवतात, आणि नळीत खरोखर बर्फ आणि पाणी दिसतं, वर न दिसणारी वाफ असते. तो इतका पक्का असतो की १९५४ पासून मे २०१९ पर्यंत केल्विन या एककाची व्याख्याच त्याच्यावर बेतलेली होती, २७३.१६ केल्विन म्हणजे पाण्याचा त्रिक बिंदू.